फिरंग्याकडे

"हे ते नव्हे," हफीजाबाई म्हणाल्या, आणि उचललेला तुकडा त्यांनी पुन्हा ताटलीत ठेवला.

मुआजने बायकोकडे पाहिले. रुमानाने पाण्याच्या ग्लासाकडे पाहिले. लाइबा, त्यांची मुलगी, तेवढी निश्चिंत होती. कोंबडीत खोचलेला चिमुकला झेंडा काढून ती आपल्या वेणीत खोवत होती.

"अम्मी, पोर्तुगीज चिकन म्हणतात ते हेच," मुआज म्हणाला.

"आणि त्या मोठ्या शहरात, दम्मामला?"

"तिथंही ह्यांचीच शाखा आहे."

"चव?"

"चव अगदी हीच. चेन आहे ना ही. कुठंही जा, तसूभर फरक नाही. तोच तर ह्यांचा मोठेपणा."

"जे कुठंही मिळतं, त्याचं कौतुक तुझे अब्बा वर्षानुवर्षं फोनवर मला ऐकवत बसले होते होय?"

बाईंचा आवाज चढला नव्हता. रेवदंड्याच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून ज्यांची हयात गेली, त्यांना आवाज चढवावा लागत नाही. मुआजने मान खाली घातली आणि तो हाडावरचे मांस सोडवू लागला.

त्यांनी उपाहारगृहावरून नजर फिरवली. भिंतीवर रंगीत कोंबडे रंगवलेले. प्रत्येक मेजावर तिखटाच्या चढत्या भाजणीने मांडलेल्या बाटल्या. काचेपलीकडे सौदीतल्या जुबैलचा नीटनेटका समुद्र आणि दूरवर कारखान्यांच्या धुराड्यांवर जळत राहिलेल्या ज्वाळा. सगळे स्वच्छ, सगळे हसतमुख. कोंबडीवर जाळीचे काळे पट्टे इतके सारखे उमटलेले, की पट्टी धरून आखल्यासारखे वाटावेत. ह्या कोंबडीला कुणाचा हात लागला आहे असे बाईंना काही केल्या वाटेना.

"दादी, इट्स द सेम थिंग," लाइबा म्हणाली. "खाओ ना. पॉइंट्स भी मिलते हैं."

"पॉइंट तू घे. उरलेलं बांधून घ्या. आज जुमेरात आहे."

जुमेरातीचे नाव निघताच मुआजच्या कपाळावर आठी पडली. "अम्मी, इथं असलं काही करत नाहीत. कुणाला कळलं तर..."

"मी घरातच करते. पडदे ओढून."

वादाला तेथे जागाच उरली नाही.

बाईंचे यजमान ताजुद्दीन मुकादम जुबैललाच वारले आणि जुबैललाच मातीआड झाले. बाई तेव्हा रेवदंड्याला होत्या. खांदा द्यायला मुआज होता, एवढेच समाधान. यंदा व्हिसा मिळाला, नि त्या पहिल्यांदा इथे आल्या. पण बायकांना कबरस्तानात जाता येत नाही. मुआजने त्यांना गाडीतून कबरस्तानाच्या भिंतीभोवती एक फेरी घालून आणली होती. आत नाव नाही, दगडावर अक्षर नाही. भिंत मात्र लांबच लांब. तिच्या आत कुठेतरी आपला माणूस आहे, आणि भिंतीचा कुठला दगड त्याच्या जवळचा हेही आपल्याला सांगता येणार नाही, हे कळल्यावर बाईंनी काच वर करायला सांगितली होती.

शाळेत भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलींचे कान त्यांनी कमी पिळले नव्हते. पण जुमेरातीच्या, म्हणजे गुरुवारच्या, संध्याकाळी गेलेले माणूस आपल्या दाराशी येते, आणि त्याच्या आवडीचा घास मांडून फातेहा वाचली नाही तर उपाशी परत जाते, हे त्यांच्या आईने सांगितले होते, आईला तिच्या आईने. तिथे बाईंचे तर्कशास्त्र उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राही. रेवदंड्याला दर जुमेरातीला त्या वडे आणि मटण मांडत, लोबान जाळत. आणि वाचन संपता संपता दाराची कडी एकदा, एकदाच, वाजे. वारा असेल, असे त्या स्वतःला बजावत. पण त्या रात्री त्यांना झोप शांत लागे.

इथे, जिथे तो माणूस खरोखरीच मातीत होता, तिथे मात्र काही वाजले नव्हते. मुआजच्या घराला इकडच्या रिवाजाप्रमाणे दोन दारे होती. एक पाहुण्यांचे, दिवाणखान्यात उघडणारे. दुसरे स्वयंपाकघराचे, ज्याला तांदळाची गोण लावून ठेवलेली असे. आल्यापासून प्रत्येक जुमेरातीला बाई पाहुण्यांचे दार बोटभर उघडे ठेवून बसत. पहिल्यांदा त्यांनी वडे केले. मग बिर्याणी केली. मग त्यांना वाटले, उभा जन्म ज्याने इथले अन्न खाल्ले, त्याच्यापुढे इथलेच मांडायला हवे. म्हणून ही कोंबडी. त्या रात्रीही ती ताटलीत थंड झाली. दार तसेच. लोबानचा धूर सरळ वर जात राहिला, जणू खोलीत श्वास घेणारे दुसरे कुणीच नव्हते.

"हे ते नव्हेच," त्या अंधाराला म्हणाल्या.

कारण ताजुद्दीन सांगत ते त्यांना तोंडपाठ होते. शुक्रवारी त्यांचा फोन येई. सुरुवातीच्या वर्षांत कंपनीच्या गोष्टी असत. ते एका ठेकेदार कंपनीत आधी गोदामात होते, मग सुपरवायझर झाले. पिवळे शिरस्त्राण घातलेला त्यांचा फोटो रेवदंड्याच्या बैठकीत अजून होता. शिकलेल्या बाईने दहावी नापास नवरा केला, म्हणून एके काळी गावात कुजबुज झाली होती. त्या फोटोने ती थांबवली. बाईंच्या तोंडी नवऱ्याचा उल्लेख 'साहेब' असाच येई, आणि ऐकणाऱ्यालाही तसाच करावा लागे.

पुढे पुढे फोनवर कंपनी येईनाशी झाली आणि फिरंगी येऊ लागला. "हल्ली फिरंग्याकडे असतो गं," ताजुद्दीन म्हणाले होते. रेवदंड्याच्या माणसाला फिरंगी परका नाही; गावाला वेढा घालून त्याचा कोट अजून नारळी-पोफळीत उभा आहे. बाईंनी विचारले होते, "बरं असतं का तिथं?" ते म्हणाले होते, "फार बरं. माणूस चांगला आहे. आणि गंमत ऐक, चावीला तोही चावीच म्हणतो! बादलीला बादली, पावाला पाव. आपलेच शब्द." बाईंनी दुसऱ्याच दिवशी ते वर्गात मुलींना सांगितले होते. साहेब सुट्टीच्या दिवशी पोर्तुगीज माणसाच्या उपाहारगृहात जेवायला जातात, ही गोष्ट मग शिक्षकांच्या खोलीतही पोहोचली.

मग दर शुक्रवारी तेच. कोंबडी पाठीवरून चिरायची आणि पुस्तक उघडावे तशी उघडायची. मिरची बारीक, लसूण भरपूर, लिंबू शेवटी. निखाऱ्यावर राखेची पांढरी साय धरेपर्यंत जाळी ठेवायची नाही. आज कोंबड्या लहान आल्या, आज वारा उलटा होता, आज धूर फार झाला. बाई ऐकत. खवय्या माणूस, असे म्हणत.

पुढल्या जुमेरातीला दुपारची नमाज झाली, आणि बाईंनी लाइबाला हाक मारली.

"त्या फोनमध्ये बघ. ह्या गावात फिरंग्याचं दुसरं दुकान आहे का?"

"फिरंगी मीन्स?"

"पोर्तुगीज. एवढंही तुमच्या शाळेत शिकवत नाहीत."

लाइबाने बोट फिरवले. "दादी, एक है. ओल्ड टाउन में, मच्छी मार्केट के पास. फोटो में सिर्फ धुआँ है." ती हसली. "किसी ने लिखा है, नो मेन्यू, ओनर शाउट्स, बेस्ट चिकन."

"ओरडतो? म्हणजे तिथं माणूस तरी आहे. मग तेच असेल. रुमाना, गाडी काढ."

रुमाना स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिचा चेहरा उतरला होता. "अम्मी, ह्यांना येऊ द्या ना ड्यूटीवरून. ह्यांना विचारून..."

"गाडी तू चालवतेस की तो?"

"मी, पण..."

"मग त्याला काय विचारायचं? बुरखा घाल."

रुंद, आखीव रस्ते मागे पडले आणि जुन्या गावाच्या गल्ल्या लागल्या. जाळी विणणाऱ्यांची दुकाने, न्हाव्याचे दुकान, आणि त्यांच्या मधोमध एक ठेंगणे दार. वरच्या पाटीवरचा रंग उडालेला. रस्त्यावरच वास आला, आणि बाईंचा हात गाडीच्या दारावर थबकला.

हा वास त्यांच्या ओळखीचा होता. ताजुद्दीन रजेवर येत, तेव्हा त्यांच्या बॅगेतून, शर्टांच्या शिवणींतून, दोनदा धुतलेल्या कपड्यांतूनही हाच वास येई. बाई म्हणत, प्लँटचा धूर. ते म्हणत, हो, धूरच.

"अम्मी," रुमाना घाईने म्हणाली, "तुम्ही बसा ना गाडीत. पार्सल मी आणते. आत पुरुषच असतात, धूर असतो, तुमचा दमा..."

"मला दमा कधीपासून झाला?" बाई म्हणाल्या आणि उतरल्या.

आत पाच-सहा मेजे होती, एकाचे दुसऱ्याशी नाते नसलेली. एकावर सौदी बापलेक हातांनी पाव फाडत होते, दुसऱ्यावर बंदरावरचे कामगार. बाटल्यांची भाजणी नव्हती. लोणच्याच्या जुन्या बरणीत तेलात बुडालेल्या मिरच्या होत्या आणि तीच बरणी सगळ्या मेजांवरून फिरत होती. कोळशाची लांबलचक शेगडी भिंतीला लागून. तिच्यापुढे एक उंच, पिकल्या केसांचा गोरा म्हातारा चिमटा घेऊन उभा होता. "छोटा मुर्गी आज!" तो ओरडला. "पाँच मिनट! फॅमिली इधर बैठो!"

"काय म्हणे पॉइंट्स मिळतात," बाई लाइबाच्या कानात म्हणाल्या. "इथं ओरडा मिळतो. तुझ्या पप्पाने मला कधी आणलं नाही ते."

मग म्हातारा फडक्याला हात पुसत जवळ आला, आणि बाईंना त्याचा हात दिसला.

मनगटापासून कोपरापर्यंत त्याच्या उजव्या हातावर एक केस नव्हता. डाव्या हातावर पांढरी लव होती. उजवा हात गुळगुळीत, तांबूस, जागोजागी जुन्या चटक्यांनी चकाकणारा. बाईंनी असा हात पाहिला होता. दर दोन वर्षांनी, उशाशी, दिव्याच्या उजेडात. "हे काय झालं?" त्यांनी एकदा विचारलेही होते. "उष्णतेजवळ काम गं," ताजुद्दीन म्हणाले होते, आणि बाईंच्या डोळ्यांपुढे मोठमोठ्या भट्ट्या, पिवळी शिरस्त्राणे आणि हुकूम सोडणारे साहेब उभे राहिले होते.

त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"हम ताजुद्दीन मुकादम के घर से हैं," त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्याने चिमटा खाली ठेवला. मग हळू आवाजात, जणू वर्गाबाहेर उभा राहून आत येऊ का विचारावे तसे, त्याने विचारले, "हेडमिस्ट्रेस?"

लाइबा खुदकन हसली. बाई हसल्या नाहीत.

"मैं आनिबाल. ताजू रोज बोलता था, मेरा वाइफ हेडमिस्ट्रेस, पूरा स्कूल डरता है. मैं बोला, तू? वो बोला, मैं सबसे ज्यादा!" तो हसता हसता थांबला आणि शेगडीच्या डाव्या टोकाकडे वळला. तिथली जमीन झिजून किंचित खोलगट झाली होती. "ये उसका जगह. कंपनी बंद हुआ, सब लोग गाँव गया. ताजू बोला, मैं नहीं जाएगा, बेटा कॉलेज में है. मैं बोला, आग के सामने खड़ा रहेगा? वो बोला, यल्ला, खड़ा रहेगा. लास्ट दिन तक खड़ा था, मैडम. अभी मैं उधर दूसरा आदमी नहीं रखता. मेरे को अच्छा नहीं लगता."

रुमाना मान खाली घालून बुरख्याची कड चुरगाळत होती. तिला माहीत होते, हे बाईंना त्या क्षणी कळले. मुआजला माहीत होते. ते रंगीत कोंबडे, ते चिमुकले झेंडे, ते सगळे कशासाठी होते, हेही कळले.

आनिबालने खुर्ची ओढली, पण बसला नाही. "एक बात पूछता हूँ. मैं ताजू को बोलता था, घर में मालूम है? तेरा हेडमिस्ट्रेस को मालूम है तू इधर मुर्गी भूनता है? वो बोलता, हाँ, मैंने पहले दिन बोला. वो एक खराब बात नहीं बोली. पूछा, अच्छा है उधर? बस. बोलता, बड़ा दिल है उसका." म्हाताऱ्याचे निळसर डोळे त्यांच्यावर खिळले होते. "मालूम था ना, मैडम?"

शेगडीत एक निखारा तडकला.

फिरंग्याकडे असतो. हफीजाबाईंनी उभ्या आयुष्यात कितीएक मुलींना विभक्ती शिकवल्या होत्या. रेवदंड्यात कुणी म्हणाले, अमका शेटकडे असतो, तर तो शेटकडे जेवायला जातो असे शेंबडे पोरही समजत नाही. शेटकडे असतो म्हणजे शेटच्या नोकरीत असतो. एवढा उघडा अर्थ. चिरायची, लावायची, ठेवायची: त्या सगळ्या वाक्यांना कर्ता नव्हता. मुलींच्या वहीत असे वाक्य आले असते, तर बाईंनी लाल शाईने खाली रेघ मारून विचारले असते, कोणी? नवऱ्याला त्यांनी ते एकदाही विचारले नव्हते. तो माणूस दर शुक्रवारी खरे तेच सांगत होता. सांगून मोकळा होत होता. आणि पलीकडे शांतता ऐकून, बायकोने आपल्याला पदरात घेतले असे समजून, पुन्हा आगीसमोर जाऊन उभा राहत होता.

त्या समजुतीवर तो माणूस जगला होता. ती घेऊनच भिंतीआड गेला होता.

बाईंनी पाठ सरळ केली. दुपट्टा डोक्यावर नीट घेतला.

"हाँ," त्या म्हणाल्या. "मालूम था. पहले दिन से."

आनिबालने छातीवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ मान हलवत राहिला.

मग बाईंनी त्याला विचारले की साहेबांना, आणि इथे त्या किंचित अडखळल्या, ताजुद्दीनला इथले काय आवडत असे.

"चिकन? नहीं, नहीं! दिन भर वही धुआँ, कौन खाएगा? वो काँझा खाता था." त्याने मागच्या पातेल्यातून वाडगाभर आणून पुढे ठेवले. कोंबडीच्या पाण्यात मऊ शिजलेला भात, वर लिंबाची फोड, पुदिन्याचे पान. रुमाना वाडग्यात डोकावली. "अम्मी, ही तर कांजी."

"पहला बार खाया तो ताजू रोया," आनिबाल म्हणाला. "बोला, ये मेरी माँ बनाती थी, तुम्हारे पास कैसे आया? मैं बोला, मेरी माँ भी बनाती थी. मैं बोलता, टेबल पर बैठ के खा. वो बोलता, टेबल कस्टमर का. उधर बैठता था, हमेशा."

त्याने बोट केले तिकडे मागचे दार होते, अरुंद, गल्लीत उघडणारे. दारालगत मासळीची एक पालथी पेटी. तिच्यावर घडी घातलेले पोते. पोते मधोमध दबलेले होते, नुकतेच कुणी उठून गेल्यासारखे.

बाई पाहत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "लाइबा, डबा धर. सांडू नकोस."

मुआज कामावरून आला तेव्हा मगरिबची अजान होऊन गेली होती. पाहुण्यांच्या दाराने तो आत आला आणि थबकला. दिवाणखान्यात काही मांडलेले नव्हते. जरीचे दस्तरखान नव्हते, लोबान नव्हता. लाइबा जमिनीवर मांडी घालून भाजलेली कोंबडी खात होती, बोटे चाटत. "पप्पा, ये वाली डिफरेंट है," ती म्हणाली.

रुमानाने डोळ्यांनीच त्याला स्वयंपाकघराकडे खुणावले.

तिथे दारामागची तांदळाची गोण बाजूला सारलेली होती. गोण ओढल्याची पांढरी रेघ फरशीवर उमटली होती. बाई गुडघ्यांवर जोर देऊन सरळ होत होत्या. त्यांनी दाराजवळ एक ठेंगणे स्टूल ठेवले होते, त्यावर घडी घातलेला टॉवेल, आणि समोर फरशीवर वाफाळणारा वाडगा.

"अम्मी," मुआज म्हणाला. "कोणी सांगितलं तुला?"

"तुझ्या अब्बांनी," बाई म्हणाल्या. "कधीच सांगितलं होतं."

बूट हातात घेऊन तो उंबऱ्यापाशी उभा राहिला. नेहमीची आठी त्याच्या कपाळावर आली नाही. मग तो आईच्या मागे, फरशीवर, बसला.

बाईंनी मागचे दार उघडले. बोटभर नव्हे, सताड. जिन्यातला पिवळा उजेड आत आला, आणि त्याबरोबर कुणाच्या तरी घरच्या फोडणीचा वास. जिन्यात कुणी नव्हते. वाडग्यावरची वाफ किंचित आत वळली आणि पुन्हा सरळ झाली.

"या," हफीजाबाई म्हणाल्या. "आता बसा. फार वेळ उभे होतात."

आणि त्यांनी फातेहा वाचायला सुरुवात केली.